आधी शाळा कुठे भरणार ते सांगा, पाठिंब्याचं त्यानंतर

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हंजे बाकीच्यांनाही कळेल. मुंबई उपनगरातली म्हाडाची जुनी वसाहत, चौदा बिल्डिंगी, मधोमध पालिकेची शाळा. रिडेव्हलपमेंटचा जो प्लॅन आलाय त्यात रस्त्याला लागून दुकानं, वर दोन मजले ऑफिसं, मागे टॉवर आणि एका कोपऱ्यात नवीन सात मजली शाळा. सभासदांच्या संमत्या ५१ टक्क्यांच्या पुढे गेल्यात, पण दुकानदार, शाळेतले पालक आणि रस्त्यापलीकडची सोसायटी असे तिघंही विरोधात आहेत आणि वॉर्ड ऑफिसला निवेदनं जातायत. विचारणारे कमिटीवर आहेत आणि त्यांचं म्हणणं आहे की शाळा तर नवी कोरी मिळतेय, मग लोकांना नक्की काय खुपतंय, आणि त्यांचा पाठिंबा मिळवायचा कसा.

मी आर्किटेक्ट आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं सोसायट्यांचा पीएमसी, म्हंजे त्यांच्या बाजूने काम बघणारा प्रकल्प सल्लागार, म्हणून रिडेव्हलपमेंटचीच कामं केली. त्यातल्या तीन कामांत प्लॉटवर शाळा होती. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिली गोष्ट, संमती आणि पाठिंबा यांची गल्लत होतेय. संमती हा कायद्याचा विषय आहे. ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा शासन निर्णय सांगतो की स्पेशल जीबीला, म्हंजे खास सर्वसाधारण सभेला, किमान दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, रजिस्ट्रारचा माणूस हवा, व्हिडिओ शूटिंग हवं आणि ५१ टक्के सभासदांची लेखी संमती हवी. ते तुमचं झालंय, चांगलं आहे. पण ही संमती फक्त सभासदांची असते. शाळेत येणाऱ्या मुलांचे आईबाप बहुतेक करून तुमचे सभासद नसतात, ते मागच्या वस्तीतले, नाल्यापलीकडचे, भाड्याने राहणारे असतात. दुकानात बसणारा कधी कधी मालक नसतो. समोरची सोसायटी तर तुमच्या कागदात कुठेच नाही. या सगळ्यांना आजपर्यंत कुणी बोलावलेलंच नाही, त्यांना प्लॅन कळला तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ब्रोशरच्या फोटोवरून. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न "लोकांना कसं पटवायचं" हा नाहीचे. ज्यांची संमती घ्यावी लागत नाही पण ज्यांचं रोजचं जगणं या कामामुळे बदलणार आहे, त्यांना मधली चार-पाच वर्षं कशी जाणार हे कोण सांगणार, हा आहे. आणि त्यातही सगळ्यात आधी शाळा.

इथे मी स्वतः कुठे चुकलो ते सांगतो, कारण त्यावरूनच मला हे कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कामात असंच होतं, जुनी तीन मजली शाळा पाडायची आणि नवी बांधून द्यायची. तोवर मुलांना पालिकेच्या दुसऱ्या एका शाळेत हलवायचं ठरलं, नकाशावर मोजलं तर अंतर एक किलोमीटरच्या आत, कागदोपत्री सगळं बसत होतं कारण आरटीईच्या, म्हंजे शिक्षण हक्क कायद्याच्या, राज्याच्या नियमातही प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असंच आहे. मी त्या कागदावर पीएमसी म्हणून सही केली. पालकांच्या मीटिंगमध्ये एक बाई उठल्या, डबे करून द्यायच्या त्या, म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दुपारी साडेबाराला त्या सिग्नलला येऊन उभे राहा, मग बोला." मी गेलो नाही. मुलं हलवली ती पण डिसेंबरात, वर्षाच्या मधे. मग एकदा साइटवरून परत येताना त्याच सिग्नलला नेमका साडेबाराला अडकलो. सहा पदरी रस्ता, मधला डिव्हायडर जेमतेम हातभर रुंद, आणि त्या डिव्हायडरवर दप्तरं पोटाशी धरून आठ-दहा पोरं एका ओळीत उभी, दोन्ही बाजूंनी ट्रक. सगळ्यात पुढच्या मुलीने धाकट्या भावाची कॉलर मुठीत घट्ट धरून ठेवली होती. ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

पुढे काय झालं ते बघा म्हंजे पालक का घाबरतात ते कळेल. जून उजाडला तेव्हा बरीच मुलं आलीच नाहीत, कुणी गावी पाठवली, कुणी कर्ज काढून जवळच्या खाजगी शाळेत घातली, मोठ्या मुलींपैकी काही घरीच बसल्या. आता शिक्षकांची पदं ठरतात ती संचमान्यतेत, म्हंजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते सरकार मंजूर करतं त्यात, आणि ती होते ३० सप्टेंबरच्या पटावर. पट घसरला की पदं जातात, पदं गेली की वर्ग एकत्र होतात, वर्ग एकत्र झाले की उरलेले पालक पण मुलं काढतात. नवीन इमारत झाली तोवर चार वर्षं गेली, टाइल्स लावलेले स्वच्छतागृह, लिफ्ट, सगळं होतं, आणि दोन खोल्या भरतील एवढीच मुलं उरली होती. त्यामुळे "नवी कोरी शाळा" हे शब्द पालकांना वेगळे ऐकू येतात. त्यांचं मूल आज तिसरीत असेल तर नवी शाळा होईपर्यंत ते आठवीत जाणार, म्हंजे ती नवी शाळा त्यांच्या मुलासाठी नाहीचे. त्यांच्यासाठी आहे ती फक्त मधली शाळा आणि त्या मधल्या शाळेबद्दल तुमच्या ब्रोशरमध्ये एक ओळ नाही.

म्हणून माझा आता एकच आग्रह असतो, टप्पे आखताना शाळा पहिल्या टप्प्यात घ्या. तुमची वसाहत मोठी आहे, चौदा बिल्डिंगी एकदम पाडल्या जाणार नाहीत, कुठल्या तरी दोन-तीन आधी रिकाम्या होतील. त्या जागेवर पहिली पुनर्वसनाची बिल्डिंग आणि शाळा बरोबरच उभी करायची, मुलं जुन्या शाळेतच बसतील, आणि नवीन तयार झाली की एका मे महिन्याच्या सुट्टीत बाकं इकडून तिकडे न्यायची आणि जूनला घंटा नव्या इमारतीत वाजवायची. ट्रान्झिट, म्हंजे मधल्या काळापुरती, शाळा लागतच नाही. नंतरच्या एका कामात आम्ही हे केलं. बिल्डर सहा महिने ऐकत नव्हता आणि त्याची अडचणही खोटी नव्हती, कर्जाचं व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं आणि विक्रीची बिल्डिंग जितकी उशिरा तितका पैसा उशिरा. पण शाळा बांधून पालिकेला दिली तर ते बांधकाम एफएसआयमध्ये, म्हंजे प्लॉटवर किती बांधता येतं त्या मर्यादेत, धरत नाहीत आणि बांधायच्या खर्चाच्या बदल्यात जास्तीचं बांधकाम क्षेत्र मिळायची सोय मुंबईच्या २०३४ च्या विकास नियमावलीत आहे. आरक्षण कुठलं आणि योजना कुठल्या नियमाखाली यावर किती मिळणार ते ठरतं, ते पीएमसीकडून लेखी काढून घ्या. मुद्दा एवढाच की "आम्ही शाळा फुकट बांधून देतोय" हे वाक्य मीटिंगमध्ये बोलू देऊ नका. लोकांना आज ना उद्या कळतं आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

हे सगळीकडे जमेल असं नाही. जुनी शाळाच सी-१ मध्ये आली असेल, म्हंजे ऑडिटमध्ये अतिधोकादायक निघून रिकामी करायची असेल, तर थांबता येत नाही, तिथे मुलं आत बसवून ठेवणं हा गुन्हाच. प्लॉट लहान असेल तर आधी बांधायला जागाच नसते. तसं असेल तर ट्रान्झिट शाळा वसाहतीच्या आतच, पहिल्या रिकाम्या झालेल्या पण धडधाकट बिल्डिंगीच्या तळमजल्यावर भरवता येते का बघा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, फायरची परवानगी, खिचडीची गाडी आत येईल एवढा रस्ता आणि मुलींचं वेगळं स्वच्छतागृह, एवढं लागतंच. बाहेरच न्यायची असेल तर अंतर नकाशावर मोजू नका, शाळा सुटायच्या वेळेला सात वर्षांच्या मुलाचा हात धरून चालत जा. कमिटीतल्या दोघांनी, बिल्डरच्या एका माणसाने आणि दोन पालकांनी मिळून चाला. मी आता हे केल्याशिवाय सही करत नाही.

हे सगळं बोलायचं कुणाशी? तर शाळा व्यवस्थापन समितीशी. आरटीई कायद्याच्या कलम २१ खाली ही समिती असतेच, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला लागतात. गंमत नाही, खरंच सांगतो, मी बघितलेल्या बहुतेक प्रकल्पांत बिल्डर नगरसेवकाला भेटतो, अधिकाऱ्यांना भेटतो, मुख्याध्यापिका बाईंना पेढे देतो, पण या समितीला कुणी विचारत नाही. मीटिंग शाळेतच घ्या, संध्याकाळी सातनंतर घ्या, कारण धुणीभांडी आणि डब्यांची कामं त्याआधी सुटत नाहीत. प्रोजेक्टरवरचे टॉवर दाखवू नका. वसाहतीचा मोठा नकाशा बाकांवर पसरा आणि त्यावर खडूने कुठल्या वर्षी कुठली बिल्डिंग पडणार आणि त्या जूनला मुलं कुठल्या दरवाजाने आत येणार ते काढा. आमच्या त्या मीटिंगमध्ये एका आजोबांनी खडू माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं की तुमचं गेट चुकलंय, तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं. चाळीस वर्षं तिथे राहिलेला माणूस. आम्ही गेट हलवलं. त्यानंतर त्या आजोबांनीच वस्तीत घरोघरी जाऊन सांगितलं, मला वेगळं काही करावं लागलं नाही.

अजून एक, पालिकेच्या एका इमारतीत बऱ्याचदा एक शाळा नसते, मराठी माध्यमाची वेगळी, हिंदीची वेगळी, उर्दूची वेगळी, कधी सकाळ-दुपार अधिवेशनं वेगळी आणि प्रत्येकीचा यू-डायस, म्हंजे सरकारी नोंदीतला, नंबर वेगळा. नवीन इमारतीत यातल्या कुठल्या शाळा परत येणार हे शिक्षण विभागाकडून पत्रावर घ्या. नंबर चालू राहिला तर शाळा "स्थलांतरित" असते, नंबर गेला तर ती बंद झाली. मराठी माध्यमाचे पालक या भीतीनेच सगळ्यात जास्त विरोध करतात आणि त्यांना कुणी दोष देऊ नये.

आणि "शाळा" म्हंजे कुठली शाळा ते आधी बघा. डीपी रिमार्क, म्हंजे विकास आराखड्यात प्लॉटवर काय आरक्षण आहे त्याचा पालिकेचा कागद, काढा. आरक्षण महापालिका शाळेचं असेल तर इमारत पालिकेकडे जाते. पण नुसतं प्राथमिक व माध्यमिक शाळा असं आरक्षण असेल तर ती खाजगी संस्थेकडेही जाऊ शकते आणि मग फीचा प्रश्न येतो. खाजगी विनाअनुदानित शाळा आली तर अल्पसंख्याक संस्था सोडून २५ टक्के जागा आरटीईखाली द्याव्याच लागतात. शेजारी सरकारी शाळा असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट देणारा नियम राज्याने २०२४ मध्ये आणला होता, तो मुंबई हायकोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. पालकांना हे माहीत नसतं, तुम्ही सांगितलंत तर तुम्ही त्यांच्या बाजूचे आहात हे त्यांना दिसेल. आरक्षणच बदलून दुसरं काही करायचा घाट असेल तर एमआरटीपी, म्हंजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नोटीस निघते आणि हरकती-सूचनांना एक महिना मिळतो, ती नोटीस कमिटीने स्वतःहून फलकावर लावा.

मैदानाचं पण विचारा. प्लॅनमध्ये हिरवा रंग दिसतो पण तो जमिनीवर आहे की पोडियमवर ते बघा. पोडियमच्या मैदानाखाली पार्किंग असतं, वर पेव्हर ब्लॉक किंवा प्लास्टिकचं गवत, तिथे झाड मुळं धरत नाही आणि खो-खो, कबड्डीला माती लागते. शाळेचं मैदान जमिनीवरच मागा, हट्टाने मागा.

आता दुकानदार. त्यांचा विरोध बहुतेक वेळा दुकानाच्या आकारावरून नसतो, तोंड कुठे येणार यावरून असतो. आज ज्याचं दुकान कोपऱ्यावर आहे त्याला उद्या आतल्या पॅसेजमध्ये तेवढीच जागा दिली तर त्याचा धंदा बसला. प्रत्येक दुकानाला नवीन जागा नंबरसकट नकाशावर आत्ताच द्या, सोडतीवर ठेवू नका. गिरणीवाल्याला थ्री-फेज कनेक्शन आणि मागून हवा लागते, तो शाळेच्या भिंतीला लागून नको. आणि ज्यांचं पानबिडीचं दुकान आहे त्यांच्याशी वेगळं, समोर बसून बोला. २००३ च्या तंबाखू कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हंजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. शाळा जर कोपऱ्यात हलली तर आजवर लांब असलेलं दुकान त्या अंतरात येऊ शकतं. नवीन हॉटेलांच्या दारूच्या लायसन्सलाही शाळेपासूनच्या अंतराची अट असते. हे टेपने मोजून आधीच सांगितलं तर माणूस दुसरा धंदा ठरवू शकतो, ताबा घेताना कळलं तर तो कोर्टात जातो.

समोरच्या सोसायटीचं मला विचाराल तर त्यांचं ऐकून घ्या, ते "बाहेरचे" नाहीत. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर बारा-साडेबाराला शाळेतली सगळी पोरं एकदम बाहेर आणि तेवढीच आत, त्यात दुकानांचे टेम्पो माल उतरवतायत, त्यात ऑफिसवाल्यांच्या गाड्या. हे सगळं एकाच गेटवर आलं तर त्यांचा रस्ता बंद. उपाय साधे आहेत, शाळेचं गेट लहान रस्त्यावर, स्कूल बस आणि रिक्षा प्लॉटच्या आत वळतील एवढी जागा, माल उतरवायची वेळ सकाळी सहा ते साडेसहा किंवा दुपारी दोननंतर. पण हे प्लॅन पालिकेत मंजूर व्हायच्या आत करावं लागतं. बरेच लोक समजतात की पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल तेव्हा बोलू. तसं होत नाही. २००६ च्या अधिसूचनेत २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना मंजुरी लागते पण इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे कायदा तुम्हाला शेजाऱ्यांना बोलवायला लावत नाही, तुम्हीच बोलवायला हवं.

कुणी म्हणेल एवढं सगळं कशाला, संमत्या आहेत ना, काम चालू करा. मी उलटं बघितलंय. आणि लोकांच्या मनात गोरेगावचं पत्राचाळ प्रकरण आहे, २००८ चा करार, ६७२ कुटुंबं आणि वर्षानुवर्षं भाड्याने भटकंती. दुसरीकडे वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांच्या हातात चाव्या पडल्या तेही लोकांनी टीव्हीवर बघितलं. म्हंजे लोक आंधळा विरोध करत नाहीत. दोन्ही शक्य आहे हे त्यांना माहीत आहे आणि आपलं कुठलं होणार एवढंच ते विचारतायत.

त्याचं उत्तर भाषणात नसतं, करारात असतं. डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये चार ओळी घालून घ्या आणि त्या मराठीत वाचून दाखवा: शाळा कुठल्या टप्प्यात, जुनी शाळा पाडायच्या आधी नवी किंवा पर्यायी जागा चालू झालेली असणार, शाळेची ओसी (वापर परवाना) आणि पालिकेकडे ताबा झाल्याशिवाय विक्रीच्या शेवटच्या टॉवरची ओसी मागणार नाही, आणि मुलं हलवायची ती मे महिन्यातच. बँक गॅरंटी, भाडं, कॉर्पस हे तुम्ही बघितलंच असेल, त्यावर मी इथे लिहीत नाही. रजिस्टर झालेल्या कराराच्या त्या पानाची झेरॉक्स शाळेच्या फलकावर लावा. विक्रीच्या टॉवरची महारेराकडे, म्हंजे घरबांधणी प्रकल्पांवरच्या राज्याच्या नियामकाकडे, नोंदणी झाली की मंजुऱ्या आणि काम पूर्ण करायची तारीख त्यांच्या वेबसाइटवर दिसते, ती बघायची कशी हे पालकांतल्या दोन कॉलेजच्या पोरांना शिकवून ठेवा.

वेळेचं म्हणाल तर आधी डीपी रिमार्क आणि शाळेचं स्ट्रक्चरल ऑडिट, मग शाळा व्यवस्थापन समिती, मग दुकानदार, मग समोरची सोसायटी, आणि हे चारही झाल्यावर सुधारलेला प्लॅन घेऊन परत सगळ्यांची एकत्र सभा. मला दोन-तीन महिने लागलेत याला, तुमची वसाहत मोठी आहे, जास्त लागतील. विरोध शून्य होणार नाही, काही जण शेवटपर्यंत नाहीच म्हणतील आणि त्यातल्या एखाद्याचं बरोबरही असेल.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी लिहिलेल्या नाहीत, डीपीमध्ये आरक्षणाचं नाव नक्की काय आहे आणि नवीन शाळेचा कोपरा आत्ता रिकामा आहे की तिथे एखादी बिल्डिंग उभी आहे. तेवढं खाली लिहा. कोपरा रिकामा असेल तर शाळा पहिल्या टप्प्यात घेता येते का हे मी तुम्हाला साइट प्लॅन बघून सांगू शकेन, आणि बिल्डिंग उभी असेल तर त्यातल्या सभासदांशी पहिली मीटिंग या आठवड्यातच लावा, कारण सगळ्यात आधी घर रिकामं त्यांना करावं लागणार आहे.